कृष्णपुरा, छत्रीबाग आणि नदीकाठच्या निनावी समाध्या: कोण कुठले, कसे शोधायचे?

कान्हकाठ

इंदुरातल्या जुन्या छत्र्या (मृतांच्या आठवणीसाठी बांधलेले घुमटी मंडप) आणि समाध्यांवर एक लहान पुस्तिका काढायची आहे. चोवीसेक पाने, मराठीत, शाळेतल्या मुलांनाही वाचता येईल अशी. कृष्णपुऱ्याच्या तीन मोठ्या छत्र्यांवर लिहायला अडचण नाही. खरी पंचाईत आहे ती घाटांलगतच्या आणि देवळांच्या आवारातल्या लहान समाध्यांची. कुठे नुसते जोते आणि वर पादुकांची जोडी, कुठे शाळुंका (शिवलिंगाची बैठक), कुठे तुळशीवृंदावन. काहींवर दोन-तीन ओळी कोरलेल्या आहेत, पण अर्धी अक्षरे गेलेली आणि वरून ऑइल पेंट.

जाणकारांना विचारायचे ते असे. झिजलेला लेख दगडाला इजा न करता कसा वाचावा? हळद किंवा पीठ चोळून वाचतात ते चालते का? शके, संवत, सन यांची आजची तारीख कशी काढायची? नाव लागले तर पुढे माणसाचा पत्ता कुठल्या कागदात मिळेल? आणि मोठ्या छत्र्यांतल्या मंडळींबद्दल ज्या ऐकीव गोष्टी सांगतात, त्यातले काय घ्यावे नि काय सोडावे? रेसिडेन्सी (इंग्रज प्रतिनिधीचे ठाणे) आणि महूच्या छावणीकडच्या गोऱ्यांच्या कबरींबद्दलही कोणी सांगितले तर उत्तम.

टाकीचा घाव

आधी हळद-पिठाचे. चालत नाही. पीठ छिद्रांत बसते, पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते आणि मुंग्या येतात. हळदीचा डाग संगमरवरातून निघत नाही. खडू घासला की अक्षराची कडच झिजते, आणि तुम्हाला वाचायची असते ती कडच. तारेचा ब्रश आणि आम्ल यांचे तर नावही काढू नका. संगमरवर आणि चुना दोन्ही आम्लात विरघळतात. एकदा ॲसिडने धुतलेला लेख वर्षभर चकचकीत दिसतो आणि मग पृष्ठभाग साखरेसारखा सुटायला लागतो.

लेख वाचायचा तो उजेडाने. प्रकाश दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, दहा ते वीस अंशांत पडला पाहिजे. पूर्वेकडे तोंड असलेल्या शिळेला सकाळी पहिल्या तासाभरात असा उजेड मिळतो, पश्चिमेकडच्या शिळेला मावळतीला. उत्तरेकडच्या शिळेला ऊन पुरेसे मिळत नाही, तिथे आरसा किंवा एलईडी टॉर्च लागते. टॉर्च अगदी जवळ धरली तर एक कडा पांढरी फटक आणि दुसरी काळी येते. शिळेच्या रुंदीच्या तिप्पट-चौपट अंतरावरून धरा. मोबाइल तिपाईवर घट्ट बसवा, लेन्स शिळेला काटकोनात, वाइड लेन्स वापरू नका कारण कडेची अक्षरे ताणली जातात. मोबाइल न हलवता डावीकडून, उजवीकडून, वरून आणि खालून उजेड टाकून चार फोटो घ्या. एका फोटोत न दिसणारी मात्रा दुसऱ्यात हमखास दिसते. खालून टाकलेल्या उजेडात मात्र खोदलेले अक्षर उठावाचे भासते, तेव्हा त्या एकाच फोटोवर वाचन ठरवू नका. चौकटीत दहा सेंटिमीटरची पट्टी ठेवायला विसरू नका.

ऑइल पेंटचा मुद्दा मोठा आहे. रंगवणारा माणूस लेख वाचणारा असतोच असे नाही. झिजलेला ९ दिसला की तो १ रंगवतो, ६ चा ३ होतो, आणि शके एका फटक्यात मागेपुढे सरकते. रंगाने लिहिलेले वाचन पुरावा म्हणून धरू नका. तिरक्या उजेडात रंगाखालची टाकीची खाच दिसते, वाचायची ती खाच. रंग खरवडायचा मोह टाळा. तो काम जाणणाऱ्याकडूनच निघतो.

दगड पक्का असेल, पापुद्रे सुटत नसतील, तर स्वच्छ पाण्याचा हलका फवारा मारून मऊ ब्रशने धूळ काढायला हरकत नाही. माळव्यातला काळा दगड सुकताना खाचा थोड्या उशिरा सुकतात, त्या दोन-चार मिनिटांत अक्षर गडद उठून दिसते. बोअरचे जड पाणी नको, त्याचे क्षार मागे राहतात. नदीकाठच्या जोत्यांवर जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत जी पांढरी भुकटी दिसते, ती ओलीबरोबर वर चढलेल्या क्षारांची. चुन्याचे सांधे सिमेंटने भरले असतील तर तिथे हा त्रास जास्त, कारण ओल सांध्यातून बाहेर पडू शकत नाही आणि दगडाच्या तोंडातून निघते. अशा शिळेला पाणीही लावू नका. कागद चिकटवून ठसा घेणे तर अजिबात नको.

नोंद करताना प्रत्येक समाधीला क्रमांक द्या. तोंड कोणत्या दिशेला, जोत्याची लांबी-रुंदी-उंची, दगड कोणता, पादुकांच्या जोड्या किती, शाळुंका आहे का, नंदी आहे का, हे लिहा. लेख जसा आहे तसा, ओळीला ओळ. न लागलेले अक्षर रिकाम्या चौकटीने दाखवा, अंदाजाने भरू नका. अंदाज खाली वेगळ्या ओळीत.

खुणांवरून थोडे कळते, पण थोडेच. तुळशीवृंदावन बहुधा बाईचे, पण नेहमीच नाही. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात आणि वर चंद्र-सूर्य असेल तर ती सतीशिळा. गोसावी, नाथपंथी, लिंगायत आणि संन्यासी यांना पुरतात, दहन करत नाहीत. त्यांची समाधी ही खरीखुरी पुरल्याची जागा असते आणि वर बहुतेकदा शाळुंका असते. तान्ह्या मुलांनाही पुरतच. याउलट मराठा-धनगर सरदारांची छत्री दहनाच्या जागी उभी असते किंवा नुसते स्मारक असते. पुस्तिकेत सरसकट ‘येथे दफन’ असे छापू नका.

शेंदूर लागलेला, रोज फूल वाहिले जाणारा दगड असेल तर पुजाऱ्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. ‘संरक्षित स्मारक’ असा फलक असेल तर फोटोपलीकडच्या कोणत्याही कामाला पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी हवी. मध्य प्रदेशाचा प्राचीन स्मारकांचा कायदा १९६४ चा आहे, केंद्राचा १९५८ चा.

मोडीमित्र

वरच्या प्रतिसादाला +१. आता मितीचे, म्हणजे शिळेवरच्या तारखेचे. चुका बहुतेक इथेच होतात, म्हणून सविस्तर.

शके असेल तर ७८ मिळवा. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनाअखेरपर्यंतची मिती असेल तर इंग्रजी वर्ष उलटलेले असते, तेव्हा ७९. विक्रम संवत असेल तर ५७ वजा, आणि त्याच पौष-फाल्गुनाच्या मुदतीत ५६ वजा. हा हिशोब चैत्रात बदलणाऱ्या संवताचा झाला, माळव्यात तोच चालतो. गुजराती व्यापाऱ्याने बसवलेली शिळा असेल तर त्याचा संवत कार्तिकात बदलतो. मग जानेवारीपासून आश्विनाअखेरपर्यंत ५६ आणि कार्तिकापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५७. शके आणि संवत दोन्ही दिले असतील तर फरक १३५ चा आला पाहिजे. १३४ आला तर कार्तिकादी संवत आहे का पाहा, नाहीतर कोरणाऱ्याची चूक.

दुसरा खड्डा पंधरवड्याचा. आपल्या घरी महिना अमावास्येला संपतो, माळवी-हिंदी घरांत पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोन्हींचे नाव एकच असते. वद्य पक्षात मात्र आपला श्रावण त्यांचा भाद्रपद होतो. अहिल्याबाईंचे निधन १३ ऑगस्ट १७९५ चे, आपल्या पंचांगाने शके १७१७ श्रावण वद्य चतुर्दशी. इंदुरात अहिल्योत्सवाची पालखी निघते ती भाद्रपद कृष्ण चतुर्दशीला, आणि दोन्ही बरोबर आहेत. शिळेवर ‘शुद्ध’, ‘वद्य’ असेल तर कोरवून घेणारा मराठी पंचांग पाहणारा असण्याची शक्यता जास्त. ‘सुदी’, ‘बदी’ असेल तर आधी उत्तरेकडची पद्धत लावून पाहा. ‘वार’ दिला असेल तर तोच पंच. वरच्या तारखेला गुरुवार येतो. महिनाभर चुकलात तर वार सहसा जुळत नाही.

तिसरे, शुहूर सन. सरदार घराण्यांच्या कागदांत, क्वचित शिळेवरही, अरबी शब्दांत वर्ष येते. इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९. पुढे अशर १०, अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. मया म्हणजे १००, मयातैन २००, अलफ १०००. एककापासून वर चढत जायचे. पानिपतचे ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१. या शुहूर सनात मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून मृगापर्यंत ६०० मिळवायचे. ११६१ अधिक ६०० म्हणजे जानेवारी १७६१, जुळले. थोरले मल्हारराव होळकर २० मे १७६६ ला वारले, तो सन ‘सीत सितैन मया व अलफ’.

या सनाला हिजरी समजू नका. होळकर आणि इंग्रजांची महिदपूरची लढाई २१ डिसेंबर १८१७ ची. शुहूर सन १२१८, हिजरी १२३३. १२१८ ला हिजरी धरून बसलात तर १८०३ वर जाऊन आदळाल आणि माणूस यशवंतराव होळकरांच्या धामधुमीत ढकलला जाईल. घोळ वाढतो तो अशाने, की त्याच कागदात ‘छ’ पुढे दिलेला दिवस आणि महिना मात्र हिजरीचाच, चांद्र असतो. वर्ष सौर, महिना चांद्र. मुसलमानी कबरीवर निखळ हिजरी सन असेल तर ०.९७०२ ने गुणून ६२१.६ मिळवा, वर्षभराच्या फरकाने उत्तर येते.

फसली, म्हणजे महसुली सन दोन आहेत. दक्षिणी फसलीत ५९०/५९१ मिळवायचे, उत्तरेकडच्यात ५९२/५९३. संस्थानी कागद कोणत्या खात्याचा आहे हे कळेपर्यंत ‘अमुक दोन वर्षांपैकी’ असेच लिहा.

कान्हकाठ

फार उपयोगी. एक शंका. समजा ‘शके १७६’ इतके लागते आणि शेवटचा आकडा गेला आहे, पण पुढे ‘प्लवंगनाम संवत्सरे’ स्पष्ट आहे. त्यावरून वर्ष ठरते का?

मोडीमित्र

ठरते, आणि पक्के ठरते. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी म्हणजे साठ संवत्सरांच्या चक्रात पहिल्या प्रभवापासून मोजलेला संवत्सराचा क्रमांक. प्लवंग ४१ वा. १७६० ते १७६९ मध्ये ४१ बाकी फक्त १७६९ ला येते (१७८१ मधून १७४० गेले, ४१ उरले). म्हणजे शके १७६९, इ.स. १८४७-४८. पडताळा हवा असेल तर शिवराज्याभिषेकाचे शके १५९६ घ्या: १६०८ ला ६० ने भागून बाकी ४८, आनंदनाम. बरोबर.

मात्र लेख संवतात असेल आणि संवत्सर उत्तरेकडच्या गणनेने दिला असेल तर नाव दहा-बारा घरे पुढे असते. म्हणून ही युक्ती ‘शके’ शब्द दिसतो तिथेच वापरा.

खासगीवाले

मोठ्या मंडळींच्या ऐकीव गोष्टींबद्दल. पहिला प्रश्न नेहमी हा विचारायचा, की माणूस वारला कुठे आणि छत्री कुठे आहे. होळकरांच्या बाबतीत दोन्ही पुष्कळदा इंदुराबाहेर आहे. थोरले मल्हारराव आलमपूरला गेले, आज ते भिंड जिल्ह्यात येते, अहिल्याबाईंनी छत्री तिथेच बांधली. त्यांचे चिरंजीव खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून गेले, त्यांची छत्री तिकडेच, गांगरसोळीला. अहिल्याबाईंची महेश्वरला. यशवंतराव १८११ मध्ये भानपुऱ्याला गेले, छत्रीही भानपुऱ्यात. इंदुरात यांच्यापैकी कोणाचे नाव कोरलेले दिसले तर ते स्मारक समजा, दहनस्थान नव्हे. इंदूर राजधानी झाली ती १८१८ मध्ये, मंदसोरच्या तहानंतर. राज्यकर्त्यांच्या इंदुरातल्या छत्र्यांची मालिका खरी सुरू होते ती त्यानंतर.

अहिल्याबाईंचे चिरंजीव मालेराव हे त्याआधीचे. आजोबांच्या मागे १७६६ मध्ये सुभेदारी मिळाली आणि १७६७ मध्ये गेले. वर्षही पुरे झाले नाही. ब्राह्मणांना द्यायच्या जोड्यांत विंचू ठेवण्याची कथा याच मालेरावांची. ती इंग्रजीत आली माल्कम या इंग्रज अधिकाऱ्यामार्फत, आणि माल्कम माळव्यात कारभारी होता १८१८ नंतर, म्हणजे घटनेला अर्धे शतक उलटून गेल्यावर लोकांच्या तोंडून ऐकून. मधल्या काळात अहिल्याबाईंची थोरवी वाढत गेली तसा मुलाचा दोषही वाढवून सांगितला गेला असणार, असे माझे मत. तब्येत आणि मनःस्थिती बिघडलेली होती एवढे लिहा. विंचू हवेच असतील तर ‘अशी कथा सांगतात’ म्हणून लिहा.

कृष्णपुऱ्यात तीन छत्र्या. कृष्णाबाईंची एक, शेजारी दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव. पेठेला नाव मिळाले ते कृष्णाबाईंवरून, पण त्यांच्याबद्दल ‘महाराजांच्या आई’ यापलीकडे कोणी लिहीत नाही, हा अन्याय आहे. जुन्या कागदांत त्या केसरीबाई किंवा केसराबाई म्हणूनही येतात, शोधताना दोन्ही नावे वापरा. यशवंतरावांच्या मागे कारभार तुळसाबाईंच्या हाती होता. महिदपूरच्या आदल्या रात्री, २० डिसेंबर १८१७ ला, त्यांच्याच फौजेतल्या लोकांनी तुळसाबाईंना क्षिप्रेकाठी मारले. त्यांची छत्री शोधत बसू नका, देह नदीत टाकला गेला. दुसऱ्या दिवशी लढाई हरली. तेव्हा कृष्णाबाईंचे चिरंजीव तिसरे मल्हारराव अकरा वर्षांचे होते. तहानंतरच्या मोडक्या दौलतीची घडी बसवली दिवाण तात्या जोगांनी, आणि त्या सगळ्या काळात वाड्यातले वजन कृष्णाबाईंचे. मुलगा १८३३ मध्ये गेला. मग मार्तंडराव गादीवर येऊन लवकरच उतरले, हरिराव १८४३ मध्ये गेले, दुसरे खंडेराव १८४४ च्या फेब्रुवारीत गेले. दहा-अकरा वर्षांत चार वेळा गादी हलली. शेवटी नऊ वर्षांच्या तुकोजीरावांना २७ जून १८४४ रोजी गादीवर बसवले, त्यात कृष्णाबाईंचा शब्द होता. त्या १८४९ मध्ये गेल्या. पुस्तिकेत दोन पाने कोणाला द्यायची असतील तर यांना द्या.

तुकोजीराव (जन्म ३ मे १८३५, मृत्यू १७ जून १८८६) यांच्याबद्दल कागद भरपूर आहेत, म्हणून थोडक्यात. खंडवा-इंदूर रेल्वेसाठी त्यांनी सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने १०१ वर्षांच्या मुदतीवर दिले. ही एकच नोंद त्यांचा हिशोबी स्वभाव सांगायला पुरे. १८५७ मधल्या त्यांच्या भूमिकेवर दोन्ही बाजूंनी लिहिले गेले आहे, चोवीस पानी पुस्तिकेत त्यात पडू नका.

शिवाजीराव म्हटले की विक्षिप्तपणाच्याच गोष्टी निघतात. होळकर कॉलेज १८९१ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत निघाले, हे कोणी सांगत नाही. त्यांनी ३१ जानेवारी १९०३ रोजी गादी सोडली आणि १३ ऑक्टोबर १९०८ रोजी गेले. गादी सोडल्याची आणि मृत्यूची तारीख एक करून टाकण्याची चूक फार दिसते. पुढचे तिसरे तुकोजीराव १९२६ मध्ये पदत्याग करून १९७८ मध्ये पॅरिसला वारले, त्यांचे चिरंजीव दुसरे यशवंतराव १९६१ मध्ये मुंबईला. कृष्णपुऱ्याची रांग शिवाजीरावांशी का थांबते, असे मुले विचारतील, त्यांना या तारखा दाखवा.

लहान समाध्यांसाठी कागद कुठले, ते सांगतो. छत्री बांधली की तिची नेमणूक लागते: पुजारी, दिवाबत्ती, नैवेद्य, श्राद्धपक्षाचा खर्च, कधी चौघडा. हा खर्च कुठल्या ना कुठल्या गावाच्या उत्पन्नातून किंवा खासगीतून पडायचा. होळकरांची खासगी म्हणजे १७३४ मध्ये गौतमाबाईंच्या नावे मिळालेली वेगळी जहागीर, पुढे ती अहिल्याबाईंकडे आली. तेव्हा माणसाचे चरित्र शोधण्याआधी त्याच्या दिवाबत्तीची नोंद शोधा. इनामाच्या चौकशीत ‘अमक्याची समाधी, अमक्या बागेत, पुजारी तमका’ असा उल्लेख सापडला की नाव, नाते आणि जागा तिन्ही एकदम मिळतात. मोडी वाचणारा सोबत हवा. संस्थानी दप्तर राज्याच्या अभिलेखागाराकडे आहे. सेंट्रल इंडिया एजन्सीचे इंग्रजी कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, त्यातले पुष्कळसे ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात. शोधताना नावाची तीन-चार इंग्रजी स्पेलिंगे करून पाहा, आजच्या स्पेलिंगने निम्मे कागद हाती लागत नाहीत.

नर्मदे हर

खासगीवाल्यांच्या यादीत एक भर. संस्थानी कागदात न येणारा माणूस तीर्थोपाध्यायांच्या वहीत येतो. अस्थी जिथे नेल्या तिथे नोंद झालेली असते: नाशिक, त्र्यंबकेश्वर, उज्जैन, ओंकारेश्वर, गया, काशी, प्रयाग. वहीत शोध आडनाव आणि मूळ गाव यांवरून लागतो, ‘इंदूरचे अमुक’ म्हणून नाही. ज्यांचे घराणे जेजुरीकडून, नगरकडून किंवा कोकणातून माळव्यात आले, त्यांची वही त्या मूळ गावाच्या उपाध्यायाकडे असते. नोंदीत बहुधा आलेल्या माणसाची सही, बाप-आजा-पणजा, भाऊ, मुले आणि कोणासाठी आला ते असते. बायकांची नावे कमी आणि असली तर सासरची. सही खाली कोणत्या सालाची आहे ते नीट पाहा: वही पुन्हा उतरवून काढलेली असेल तर नक्कल करणाऱ्याने मूळ मिती टाकलेलीही नसते.

घराण्याचा कुलवृत्तान्त छापलेला असेल तर तोही बघा, पण त्यातल्या १८०० आधीच्या मृत्युतिथी श्राद्धतिथीवरून लिहिलेल्या असतात. तिथी खरी, वर्ष अंदाजाचे. शिळेवरचे वर्ष आणि वृत्तान्तातले वर्ष भांडायला लागले तर शिळेच्या बाजूने उभे राहा, अर्थात ती रंगवलेली नसेल तर.

छावणी लाइन

महू आणि रेसिडेन्सीकडच्या कबरींचे थोडक्यात. इथे नाव आणि तारीख बहुतेक स्पष्ट असते, त्यामुळे काम सोपे वाटते. संगमरवरी पाटीवर शिसे भरलेली अक्षरे असतील तर ती गळून गेलेली असतात, पण प्रत्येक अक्षराला पकड म्हणून पाडलेली दोन-तीन बारीक छिद्रे राहतात. तिरक्या उजेडात छिद्रांची जागा कागदावर मांडा, त्याच पाटीवरच्या शाबूत अक्षरांच्या छिद्रांशी ताडा, ओळ लागते.

चर्चच्या दफननोंदीची प्रत इंग्रजांच्या काळी लंडनला जायची. आज ती ब्रिटिश लायब्ररीत आहे, बंगालची मालिका एन/१, मद्रासची एन/२, मुंबईची एन/३. माळव्यात बंगाल आणि मुंबई अशा दोन्ही लष्करांच्या पलटणी येऊन गेल्या, म्हणून एन/१ आणि एन/३ दोन्ही तपासा. एकात सापडले नाही म्हणजे नोंद नाही, असे नसते. शिळेवर मृत्यूची तारीख असते, नोंदवहीत दफनाची. उन्हाळ्यामुळे दोन्हींत सहसा एका दिवसाचाच फरक. जास्त आला तर मृत्यू दुसरीकडे कुठे झाला होता का ते पाहा, किंवा शिळा पुष्कळ नंतर, आठवणीने बसवलेली असेल. कबरींत लहान मुलांचे प्रमाण पाहून धक्का बसू देऊ नका. कॉलरा, हगवण आणि हिवताप यांनी छावणीतली एकेक घरे रिकामी केली आहेत, वयाच्या रकान्यात महिने आणि दिवसही लिहिलेले असतात.

१ जुलै १८५७ ला रेसिडेन्सीवर हल्ला झाला आणि तिथला इंग्रज अधिकारी ड्युरँड सिहोरकडे निघून गेला. त्या दिवशीच्या मृतांची नावे शोधताना नेहमीच्या नोंदवहीवर विसंबू नका, पाद्री जागेवर नसताना पुरलेल्यांची नोंद मागाहून झाली किंवा झालीच नाही. याच हकिगतीची दुसरी बाजूही पुस्तिकेत हवी. अमझेऱ्याचे राजा बख्तावरसिंह यांना १० फेब्रुवारी १८५८ रोजी इंदुरात फाशी दिली, रेसिडेन्सीवरच्या हल्ल्यात पुढे असलेल्या सआदत खानांना पकडून १८७४ मध्ये. गोऱ्यांच्या कबरींवर चार पाने आणि या दोघांवर एक ओळ, असे होऊ देऊ नका.

कान्हकाठ

सर्वांचे आभार. ठरवले ते असे: आधी सगळ्यांना क्रमांक आणि चार बाजूंच्या उजेडाचे फोटो, मग मोडीमित्रांच्या पद्धतीने मिती, मग दिवाबत्तीच्या नोंदी. कृष्णाबाईंना दोन पाने. ज्या समाध्यांचे नाव लागणार नाही त्यांचे काय करावे? वगळाव्या, की जुनी माणसे सांगतात ते नाव टाकावे?

टाकीचा घाव

वगळू नका. क्रमांक, मापे, दगड, खुणा आणि वाचलेली अक्षरे छापा. नावाच्या जागी चौकट रिकामी ठेवा. लोक सांगतात ते नाव ‘परिसरात असे म्हणतात’ म्हणून खाली द्या, मोठ्या टायपात नको: छापलेले नाव पुढच्या रंगवणाऱ्याच्या हाती पडते आणि दिवाळीपर्यंत दगडावर चढते. आणि वारस कोणी हयात असतील तर छापण्याआधी त्यांना मजकूर दाखवा, पुष्कळदा त्यांच्या देव्हाऱ्यातल्या टाकावर हवे ते नाव असते.